अंबाजींचं ताट

जयवंताबाईंचं वय एकाहत्तर आणि वजन शहाऐंशी किलो. साखर, थायरॉईड, बीपी, तिन्हींच्या गोळ्या चालू. नल्लकुंटा भागातल्या हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "अम्मा, आधी आठ किलो उतरवा. मग गुडघ्याचं ऑपरेशन."

चार महिने त्यांनी भात सोडला, चहातली साखर सोडली, संध्याकाळी नुसतं ताक घेतलं. काटा हलला नाही. गुडघ्यामुळे गल्लीच्या टोकापर्यंतही चालवत नव्हतं.

"आई, तू आमच्या मागं काही खातेस का?" मुलगा प्रशांत एकदा वैतागून म्हणाला. त्या ताकाचा पेला घेऊन मोरीकडे वळल्या.

कारण त्या खात होत्या. नवरा अंबाजी जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी दुपारी प्रशांत आणि सून रेणू कामावर गेले की त्या दोन ताटं वाढायच्या. आपलं जेवण उरकलं की समोरचं ताटही संपवायच्या. अन्न टाकायचं कसं?

दवाखान्यात पथ्य लिहून देणाऱ्या तेजश्री नावाच्या मुलीला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "ताट वाढा, आजी. फक्त तुम्ही खाऊ नका. नंतर गाईला घाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबाजींचं ताट वाढलं, त्यावर झाकण ठेवलं आणि जरा आडव्या झाल्या. चार वाजता उठून पाहतात तर झाकण बाजूला काढून ठेवलेलं. भाकरी नाही, अंबाडीची भाजी नाही. कडेला मिरचीची चार देठं ओळीनं लावलेली आणि ताटात थोडं गढूळ पाणी.

अंबाजी ताटातच हात धुवायचे. त्यावरून दोघांची चाळीस वर्षं कुरबुर चालली होती.

दाराला आतून कडी होती. जयवंताबाईंनी ताट घासून ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात त्यांचं वजन अडीच किलो उतरलं.

एका शनिवारी रेणू घरी होती. दुपारी स्वयंपाकघरातून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. "आई, पाणी मी देते की," असं म्हणत ती वळली, तर सासू तिच्या मागे दिवाणावर झोपलेली. तिनं त्यांना हलवून उठवलं. दोघी आत गेल्या. ताट ओलं होतं.

"हे कधीपासून चाललंय?" रेणूनं हळूच विचारलं.

"महिना झाला."

"बंद करू या, आई. मला भीती वाटते."

"मला पण वाटते," जयवंताबाई म्हणाल्या. "पण वजन उतरतंय ना. जरा थांब. प्रशांतला सांगू नक्को."

त्यांना आतून वेगळंच काही टोचत होतं. शेवटच्या वर्षी साखरेनं अंबाजींच्या पायाची दोन बोटं गेली होती. तेव्हा ते लहान मुलासारखे खुबानीचं मीठं, जर्दाळूचं ते गोड, मागायचे. "एक चमचा दे गं." त्यांनी एकदाही दिलं नव्हतं. ते गेले ते तोंड कडू घेऊनच.

एका शुक्रवारी त्यांनी खुबानी भिजवली, शिजवली, घट्ट पाक केला आणि वाटी भरून त्या ताटात ठेवली. आज मात्र त्या झोपायला गेल्या नाहीत. समोर बसून राहिल्या. तास गेला. ताट जसंच्या तसं. भाकरीलाही हात लागला नव्हता. पाकाचा वास घरभर पसरला होता. सहा महिन्यांत त्यांच्या जिभेला गोडाचा कण लागला नव्हता. त्यांचा हात वाटीकडे गेला.

वाटी दोन बोटं मागे सरकली.

त्यांनी हात आखडून घेतला. जरा वेळानं पुन्हा हात पुढं केला. वाटी आणखी सरकली, पार ताटाच्या पलीकडच्या काठाला जाऊन टेकली.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही खात."

ती वाटी त्यांनी शेजारी देऊन टाकली. गोड पुन्हा केलं नाही.

पावसाळा संपता संपता काट्यानं अठ्ठ्याहत्तर दाखवले. डॉक्टर खूश झाले, ऑपरेशनचा दिवस ठरला. दवाखान्यात जाताना जयवंताबाईंनी रेणूचा हात धरला. "मी नसताना ताट वाढशील?"

"हौ," रेणू म्हणाली. पाच दिवस दुपारी घरी येऊन तिनं ताट वाढलं, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. चार दिवस ताटात देठं होती, पाणी होतं. पाचव्या दिवशी ताट जागेवरच नव्हतं. ते घासून, पुसून फळीवर पालथं घातलेलं होतं.

रेणूनं दवाखान्यात हे सांगितलं तेव्हा जयवंताबाई खाटेवरच उठून बसल्या. "त्यांनी जन्मात कधी ताट उचललं नाही," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

घरी आल्यावर वॉकर धरून त्यांनी स्वतः तीन दिवस ताट वाढलं. तिन्ही दिवस संध्याकाळी भाकरीला मुंग्या लागल्या. चौथ्या दिवशी त्यांनी एकच ताट घेतलं आणि रेणूला म्हणाल्या, "तू पण बस माझ्यासोबत."