आफ्केबाईंचा गॅसबंब

मित्रांनो, नेदरलँड्समधल्या बोल्सवर्ड गावी, आफ्केबाईंच्या माळ्यावर टांगलेला पांढरा डबा म्हणजे मी, एक जुना गॅसबंब. माझ्या पोटात निळी ज्योत असे. तिच्यावर पाणी तापवून मी ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांत, फिरवून घर ऊबदार ठेवीत असे.

मी कारखान्यातून आलो तेव्हा बाईंचे यजमान हयात होते. ते गेल्यावर पहाटेची माझी घरघर हीच बाईंची सोबत झाली. विबे नावाचा कारागीर दरवर्षी माझी काजळी काढायला येई. "मावशी, हा म्हातारा तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे," तो म्हणे. "असणारच! त्याला दरवर्षी तपासणारा आहे. मला कोण आहे?" बाई म्हणत आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवत.

मग दिवस पालटले. सरकारने गॅसवरचा कर वाढवत नेला आणि गॅसऐवजी विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवणाऱ्याला अनुदान देऊ केले. ते अर्ध्या खर्चालाही पुरत नव्हते. मुलगी एल्स्के म्हणाली, "आई, शिल्लक कशाला मोडतेस? घर विक आणि माझ्या गावी फ्लॅटमध्ये ये. तिथं सगळं आयतं आहे."

"आयतं आहे, पण माझं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंप मागवला. पहिल्या हिवाळ्यात अडीअडचणीला मी राहायचे, असे ठरले. पंपाने घर नीट तापवले तर गॅसची जोडणी कायमची तोडायची. नाही जमले, तर घर विकायचे.

पंप अंगणात बसला. म्हणे, बाहेरच्या गारठ्यातूनही ऊब ओढून आणतो! मी मनातल्या मनात नाक मुरडले. आणि खरेच, रोज सकाळी घर गारठलेले असे. बाई कुडकुडत माझे बटण दाबत, मी खुशीत पेटत असे. पण गॅसचे आणि विजेचे अशी दोन्ही बिले फुगली. बाई एल्स्केला फोनवर म्हणाल्या, "बघ एखादं गिऱ्हाईक घराला." तेव्हा माझी सारी खुशी उतरली.

हे कळताच विबे धावत आला. "मावशी, झोपताना काय करता?"

"सगळे करतात तेच. तापमान पंधरा अंशांवर आणते. झोपलेल्या माणसाला ऊब कशाला? आईनं लावलेली सवय आहे. पैसे काय झाडाला लागतात?"

विबेने कपाळाला हात लावला. "हा पंप त्या म्हाताऱ्यासारखा झटक्यात तापवत नाही, मावशी. हळूहळू, पण सतत चालतो. रात्री उतरवलंत की सकाळी बिचाऱ्याची दमछाक होते. आठवडाभर हातच लावू नका."

"रात्रभर चालू? आई थडग्यातून उठून येईल रे!"

"येऊ दे. घर तरी ऊबदार असेल."

बाईंनी मन घट्ट केले आणि हात आवरला. त्या आठवड्यात बर्फ पडला. तरी सकाळी मला कोणी पेटवले नाही. बाई नुसत्या झग्यावर माळ्यावर आल्या, माझ्या गार पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला. "राहिलं रे माझं घर," म्हणाल्या आणि रडल्या. मला वाईट वाटले, आणि त्याहून जास्त बरे वाटले.

आज विबे मला भिंतीवरून उतरवतो आहे. माझे तांबे वितळून कुठेतरी कामी येईल. मित्रांनो, एकच मागणे आहे. घरात नवे यंत्र आले, तर त्याची रीत शिकून घ्या, माझ्या सवयी त्याच्यावर लादू नका. आणि आफ्केबाईंच्या अंगणावरून जाल, तेव्हा त्या पंपाच्या जाळीवर साचलेली पाने तेवढी झाडून टाका. आता बाईंना त्यालाच सांभाळायचे आहे.