जिराफाच्या खांबाजवळ

काचेवर टकटक झाली तेव्हा कौशल्याबाईंनी उजव्या पायातली चप्पल नुकतीच काढली होती. गाडीचं दार अर्धं उघडं होतं आणि पाय खालच्या डांबराकडे निघाला होता. टकटक ऐकून त्यांनी तो मागे घेतला नाही. डांबर तापलेलं होतं तरी टेकवला, आणि मगच मान वर केली.

अम्युझमेंट पार्कचा निळ्या टोपीतला एक सुपरवायझर दाराशी उभा होता. तिशी ओलांडलेला, घामेजलेला, हातात मोबाइलएवढं यंत्र.

"वार्षिक पासवाले ना? पास दाखवा, आजी."

पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या मोनिकाने, त्यांच्या सुनेने, पर्समधून पास काढून दिला. यंत्राने आवाज केला. सुपरवायझरने पासवरचा फोटो पाहिला, कौशल्याबाईंचं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. फोटोत कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"हा फोटो तुमचाच?"

"न्हाई, शेजारणीचा. तिचं तोंड बरं दिसतं म्हणून लावला."

मोनिका गालात हसली. सुपरवायझर हसला नाही. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव गणराज होतं, आणि सकाळपासून त्याची बऱ्याच जणांशी वादावादी झालेली दिसत होती. त्याने पाठ केल्यासारखा नवा नियम सांगितला. वर्षाचा पास काढला की पार्किंग फुकट, हे आसपासच्या कंपन्यांतल्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. पास काढायचा, सकाळी पार्कच्या आवारात गाडी लावायची, शिफ्ट करून संध्याकाळी घेऊन जायची. झोके-पाळण्यांना कुणी शिवतसुद्धा नाही, आणि रविवारी लेकराबाळांना घेऊन येणाऱ्यांना गाडी लावायला जागा नाही. म्हणून आता प्रत्येक गाडी तपासायची. पासवाला गाडीत पाहिजे, आणि गाडी लावल्यावर अर्ध्या तासात तो फाटकातून आत गेला पाहिजे. नाही गेला तर पास बंद.

"तुमच्या पासवर गाडी वर्षभर आत येतेय," तो म्हणाला. "तुम्ही मात्र एकदाही आत गेलेल्या नाही."

 कौशल्याबाईंनी डांबरावरचा पाय जरा सरकवला, एवढंच.

गाडी लावली होती तिथे जिराफाचा खांब होता. एवढ्या मोठ्या मैदानात आपली गाडी कुठे ते माणसांच्या ध्यानात राहावं म्हणून पार्कवाल्यांनी खांबाखांबावर जनावरं रंगवली होती. हत्ती, ससा, मगर, आणि उताराच्या कडेला जिराफ. दर अवसेला दुपारी कौशल्याबाई सुनेला गाडी काढायला लावत, जिराफापाशी येत, घटकाभर अनवाणी पाय जमिनीला लावून बसत आणि घरी जात. नात दिव्या सगळ्यांना सांगायची, आजी जिराफाला भेटायला जाते. मुलाला, शेखरला वाटायचं, पार्कला विकलेलं रान आईच्या मनातून जात नाही. मोनिकालाही तेच वाटायचं. कौशल्याबाईंनी कुणाचा समज खोडला नव्हता.

रान विकल्याचं दुःख त्यांना होतं, पण त्याचा हिशेब त्यांनी नवऱ्याशी तोंडानं पुरता केला होता. मारुतराव जिवंत असेपर्यंत भाजीत मीठ कमी पडलं तरी तो विषय निघायचा. हे दुसरं मात्र, नवऱ्यापाशी एकदा सोडलं तर, त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं.

शेखरच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाळंतिणीने खोलीबाहेर यायचं नाही, म्हणून मारुतराव आणि त्यांचे थोरले बंधू फडक्यात गुंडाळून मीठ घेऊन रानात गेले आणि अंघोळी करून परत आले. कुठे पुरलं ते आईने विचारायचं नाही, पुढच्या लेकराला बाधतं, असं सासूने बजावलं होतं. कौशल्याबाईंनी विचारलं नाही. कधीतरी दिरांच्या तोंडून निघून गेलं, करंजाखाली. त्या रानाच्या बांधावर करंज उभे होते एका ओळीने. त्यातल्या कुठल्या करंजाखाली, ते त्यांना कळलं नाही. पुढे किती वर्षं तरी त्या करंजांच्या सावलीला त्या भाकरी खायला बसल्या नाहीत.

पार्क सुरू झाला तेव्हा जमिनी दिलेल्या घरांना पहिल्या वर्षाचे पास आणि पेढे आले. कौशल्याबाईंनी पेढे गोठ्यातल्या गड्याला दिले आणि भावकीसमोर सांगितलं की मेले तरी त्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही. त्याच संध्याकाळी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, त्यांनी नवऱ्याला विचारलं, पोरीला कुठं पुरलं. मारुतरावांनी पास उचलून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी पास घेऊन त्यांना इथे आणलं, गाड्यांच्या मधून चालत नेलं आणि जिराफाशी थांबून म्हणाले, इथं. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. इतक्या ठामपणे त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पास दरवर्षी नवा होत होता, आणि पार्किंग म्हणजे काही आत नव्हे, हे कौशल्याबाईंनी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता मोनिका सुपरवायझरशी भांडत होती. वय झालंय, गुडघे दुखतात, त्या आत जाऊन पाळण्यात बसणार आहेत का, असं तिचं म्हणणं. त्याचं म्हणणं असं की मग पास काढायचा कशाला. इथे बसण्याचं काही कारण असेल तर सांगा, मी वर कळवतो. मोनिकाने वळून सासूकडे पाहिलं.  ज्यांच्या तोंडाला भावकी भ्यायची, त्यांना शब्द सापडेना असं मोनिका पहिल्यांदा बघत होती.

"बंद म्हंजे कायमचा?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो आजी. पुन्हा मिळणार नाही. पण आत्ता आत जाऊन आलात तर काही प्रश्न नाही."

त्यांनी चप्पल घातली. दाराची कड धरून उतरल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"आत. पाळण्यात बसू."

मोनिका घाईने उतरली. कौशल्याबाईंनी तिचा दंड धरला.  दोघी फाटकाच्या दिशेने चालायला लागल्या. वरून पाळण्यातल्या माणसांच्या किंचाळ्या येत होत्या.

फाटकाआधी दोरी लावून एक म्हातारा वॉचमन बसला होता. कौशल्याबाईंना पाहून तो खुर्चीवरून उठला. खेडकडचा सोनबा. मारुतरावांना अण्णा म्हणणारा. त्याने दोन्ही हात जोडले आणि मागून आलेल्या सुपरवायझरला सांगायला लागला की साहेब, ह्यांना कशाला चालवताय, हे सगळं रान ह्यांचंच होतं, पार्क नव्हता तेव्हा मी इथे पोकलेन चालवायचो, ही सगळी सपाटी माझ्या हातची. बसू द्या की म्हातारीला सावलीत.

सुपरवायझरने टोपी काढून कपाळ पुसलं. त्याचीही आई गावाकडे एकटी असावी, किंवा नुसतंच ऊन फार झालं असावं. तो म्हणाला, ठीक आहे, यांच्यापुरतं मी बघतो. आजी, या तुम्ही, बसा तिथे, कुणी विचारणार नाही. आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

हवं ते मिळालं होतं. कौशल्याबाईंचा आवाज लगेच ताठ झाला.

"रान तू सपाट केलंस म्हंतोस, मग बांधावरचे करंज कुठं व्हते, सांग बरं."

सोनबाने हात उचलला. कौशल्याबाई जिराफाकडे बघत होत्या. सोनबाचं बोट जिराफाकडे गेलं आणि तिथे थांबलं नाही. खांबाच्या वर, दिव्याच्याही वर, नुसत्या आभाळात जाऊन राहिलं.

"तितं," तो म्हणाला. "उंचवटा न्हवता का हितं, आक्का, दोन परस, दोन मानसं उंच? त्याच्यावर सगळे करंज. ते सगळं काढलं की आमी. त्याबिगर सपाटी कशी व्हनार?"

"आन् माती?"

"माती न्हेली हायवेच्या नव्या पुलाला. चढ भरायला. लई गुणाची माती तुमची, मुरूम मिसळलेली. डंपरच्या रांगा लागलेल्या."

मोनिकाला सासूच्या हाताचं वजन एकदम वाढल्यासारखं वाटलं. तिने दुसरा हात त्यांच्या पाठीला लावला.

सोनबाला कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं. "कडंचा करंज पाडला त्या दिशी अण्णा आलते. मशीन बंद करायला लावलं. मुळाशी बसले आन् हातानं माती चाळाय लागले. मी म्हनलं, अण्णा, काय हरवलंय, मी बी हुडकू लागतो. तर म्हनले, न्हाई, तू लांब थांब. माझी भाकर खाऊन झाली, पान खाऊन झालं, तरी बसलेलेच. मग उठले.  मानंनंच सांगितलं, चालव."

"काय घावलं त्यास्नी?"

"न्हाई आक्का. काय घावतंय. निसती मुळं."

कौशल्याबाईंनी मान हलवली, जणू भाजीवाल्याने भाव सांगितला. त्या दिवसाची संध्याकाळ त्यांना आठवत होती. नखांत माती घेऊन जेवायला बसलेल्या नवऱ्याला त्यांनी पानावरून उठवलं होतं. रान विकून पोट भरलं न्हाई, आता उकरायला गेलावता का, असं विचारलं होतं. मारुतराव उठले, मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले, आणि पुन्हा पानावर आलेच नाहीत.

"बसा की सावलीला," सोनबा म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय."

"नगं. निघतो आमी."

गाडीपाशी आल्यावर त्या लगेच आत बसल्या नाहीत. जिराफाच्या खांबाला हाताचा पंजा लावून उभ्या राहिल्या. खांब तापलेला होता. "ह्यांना खोटं बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "असं मी जलमभर सांगत आले." मोनिकाने विचारलं, काय खोटं बोलले मामंजी. कौशल्याबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि दार उघडलं. आज त्या मागे बसल्या नाहीत, पुढे सुनेशेजारी बसल्या.

हायवेला नेहमीसारखी गर्दी होती. कंपन्यांच्या बसगाड्या सुटलेल्या, कंटेनर आडवे, रिक्षावाले मिळेल त्या फटीत शिरणारे. मोनिकाची गाडी मुंगीच्या पावलाने सरकत नव्या पुलाच्या चढावर आली आणि तिथेच अडकली. दोन्ही बाजूंना खाली उतरत गेलेला भराव होता, त्यावर गवत माजलं होतं आणि कुठे कुठे आपोआप उगवलेली झुडपं. कौशल्याबाईंनी काच खाली केली. धूर आत आला. मोनिका म्हणाली, आई, एसी चालू आहे. त्यांनी काच वर केली नाही. वाकून त्या खालच्या गवताकडे बघत होत्या.

पुढचा ट्रक हलला, पण मधली कार हलली नाही. मागच्यांनी गोंगाट सुरू केला. मोनिकानेही वैतागून हॉर्नवर तळवा ठेवला.

कौशल्याबाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचा हात बाजूला करावा तसं.

"वाजवू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. "हितं न्हाई."