हेल्विगचा माइक गप्प बसणार नाही

मी माइक बोलतोय. हो, मीच! चाळीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, आता दोन शब्द माझे ऐका. आणि मध्ये कुणी टोकायचं नाही.

शिकागोच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि नॉर्थ डकोटातल्या हेल्विग गावी, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये आलो. बिंगोचे आकडे, लग्नातली भाषणं, गेलेल्या माणसाच्या आठवणी, सगळं माझ्यातून गेलं. पोचे आले, डोक्यावरची जाळी चेपली. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, बरं का!

या गावचा नियम आहे. ज्याच्या हातात माइक, त्याचं संपेपर्यंत तो काढून घ्यायचा नाही. आणि एक खोडही आहे. छप्पर उडालं तरी ही माणसं म्हणणार, "बरं चाललंय." तक्रार करायची यांना लाज वाटते. मला या खोडीचा भयंकर राग येतो.

कारण यांचे सिनेटर गार्थ लिंडव्हॉल्ड दरवर्षी येऊन विचारतात, "कसं काय?" शंभर तोंडं म्हणतात, "बरं चाललंय." मग साहेब वॉशिंग्टनला सांगतात, माझ्या लोकांना काही नको! त्यांचं म्हणणं ठरलेलं. कोळसा जळत राहिला पाहिजे, क्षेपणास्त्रं नवी आली पाहिजेत आणि बाकीची उधळपट्टी थांबली पाहिजे. बाकीची म्हणजे कुणाची, हे कुणी विचारत नव्हतं.

आज दुपारी ते विचारलं गेलं. खेड्यांतल्या विजेच्या तारा बदलायचा निधी कापायला मंगळवारी सिनेटमध्ये आपण मत देणार, असं साहेब अभिमानाने म्हणाले. टाळ्याही पडल्या आणि साहेबांनी मला मेजावर ठेवलं. तेवढ्यात आर्डिस ट्वाइटबाईंनी लिंबाच्या वड्यांचं ताट खाली ठेवलं आणि मला उचललं. वय शहात्तर, पण पकड अशी की माझा जीव दडपला.

"गार्थ, मी तुलाच मत दिलंय, दर वेळी. पण बरं नाही चाललेलं."

हे वाक्य मी या गावात पहिल्यांदाच ऐकलं.

"आमच्या गव्हाच्या शेतात लष्कराने जमिनीखाली तुझं क्षेपणास्त्र सज्ज ठेवलंय. जानेवारीत बर्फाने तारा तुटल्या, तेव्हा त्याच्या कुंपणातला दिवा क्षणभरही विझला नाही. आमच्याकडे अकरा तास वीज नव्हती, माझ्या नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. सिलिंडर चार तासांत संपला. मग त्याला पिकअपमध्ये बसवलं, इंजिन चालू ठेवलं आणि मशीन गाडीच्या बॅटरीवर चालवलं. पेट्रोल संपलं असतं तर रे?"

"काकू, फार वाईट वाटलं. मी स्वतः तुम्हाला जनरेटर घेऊन देतो."

"भीक नको मला! कोळसा इथला, वीज इथे तयार होते आणि आमच्याच डोक्यावरून शहरांत जाते. मला धड तार हवी. मंगळवारी तारांच्या बाजूने मत देणार? हो की नाही?"

साहेबांचा मदतनीस हसत पुढे आला. "आजी, द्या तो माइक. इतरांनाही बोलायचंय."

"उत्तर मिळालं की देते," म्हणत बाई मला मांडीवर घेऊन खाली बसल्या.

मदतनीस ध्वनियंत्राकडे वळला. तिथे बंबवाले ऑर्व्हिल हाताची घडी घालून उभे. "बंद करायचं बटण कुठंय?" मदतनीसाने विचारलं.

"काय की बुवा. चाळीस वर्षांत कधी लागलंच नाही."

त्या माणसाला मी जन्मभर विसरणार नाही!

साहेब मंचावरून काहीतरी पुटपुटले. मागच्या रांगेतून ओरडा झाला, "ऐकू येत नाही!" शेवटी खाली उतरावं लागलं. आता ते बाईंच्या खुर्चीपाशी गुडघा टेकून माझ्यापुढे वाकलेत. त्यांचा गुडघा कटकन वाजला, तोही मी सगळ्या हॉलला ऐकवला.

मला मोडीत काढा, नवा माइक आणा, खुशाल आणा. पण आज आर्डिसबाईंचा अंगठा माझ्या बटणावर आहे आणि मी चालू आहे.

बोला साहेब. हो की नाही?