सुकेशनीची जोडीदारीण

सुकेशनीच्या फोटोंचा एक कायदा होता. बाईनं आधी स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव सांगायचं, मगच बटण दाबायचं. अमक्याची बायको, तमक्याची आई, असलं काही चालायचं नाही. शहरात तिला स्त्रीवादी फोटोग्राफर म्हणत, राणीसावरगावात ती नुसती फोटोवाली. दहा वर्षं परभणीहून स्कूटीवर येऊन तिनं खुरपणाऱ्या बायांच्या टोळीबरोबर बांधावर भाकर खाल्ली, आणि फोटो असे काढले की बघणाऱ्यानं बघतच राहावं! कमरेवर हात ठेवून खदाखदा हसणाऱ्या बाया कुणी टिपल्या असतील, तर या पोरीनं.

आज त्यातले साठ फोटो प्रदर्शनासाठी गावच्या बुद्धविहारात टांगून झाले, तर सरजाबाई अडून बसली. सरजाबाई टोळीची मुकादम, तिच्या शब्दाबाहेर एक खुरपं हलत नसे.

"समद्या हायेत, तूच न्हाईस. तुझाबी लाव, न्हाईतर आमचे खाली काढ."

स्वतःचा म्हणावा असा एकच फोटो सुकेशनीनं फ्रेम करून आणला होता आणि पिशवीच्या तळाशी ठेवला होता. त्यात शेजारी रेणुका होती. रेणुका शाळेत शिकवायची, आज मदतीला आली होती आणि स्टुलावर उभी होती. आठ वर्षं दोघी एका घरात राहत होत्या, पण गावाला सांगितलेलं होतं 'मैत्रीण'. खरं सांगितलं तर या बाया आपल्याला दारात उभं करणार नाहीत, या धास्तीनं सुकेशनी गप्प राहिली होती. तिनं फोटो बाहेर काढला.

"ही तुझी कोण? तोंडानं सांग."

"रेणुका. माझी जोडीदारीण."

"अगं, मंग आधी सांगायचं की!" सरजाबाई खूश झाली. "माझी भागू हाय तशी. मी मागं पडले की माझी पात ओढून घेती. पर हिला कवा खुरपं धरलेलं बघितलं न्हाई."

झालं! टोळीत पात म्हणजे एकीच्या वाट्याच्या खुरपायच्या ओळी, आणि जोडीदारीण म्हणजे शेजारची पात धरणारी. मान हलवली असती तर सुटली असती. रेणुका डोळ्यांनी सांगत होती, राहू दे. सुकेशनीनं फोटो सरजाबाईच्या हातात दिला.

"शेतातली न्हाई, माय. घरातली. नवरा-बायको राहत्यात तशा आमी राहतो. मला गडी कवाच नको होता. हीच हवी होती."

सरजाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"दहा वर्सं आमाला बोलायला लावलंस," ती कडाडली, "आन् सोता तोंड मिटून बसलीस व्हय गं? लबाड!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझी पात मागं पडली की ही ओढती का?"

"ओढती," सुकेशनी रडत म्हणाली.

"मंग दुसरं काय असतंय जोडीदारणीत?" सरजाबाई स्टुलाकडं वळली. "उतर गं खाली. तुझं नाव तुझ्या तोंडानं सांग, म्हंजी खिळा ठोकते."

रेणुका उतरली. तिनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं. सरजाबाईनं हातोडी उचलली.