कागदी अप्पा

मी एक जुना कागदी मुखवटा आहे. मित्रांनो, जुना म्हणजे फार नव्हे. पण कागदाच्या मानाने माझं वय झालं आहे. परळच्या भोईवाड्यातल्या एका घराच्या माळ्यावर, कापडी पिशवीत सध्या माझा मुक्काम असतो. मला लोकांना हसवण्यासाठी बनवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल अगदीच वाईट मत व्हायचं नाही.

या घरातल्या रुचाला आणि तिच्या धाकट्या भावाला, राजसला, विनोदी सिनेमे करायचं वेड. दोघंही नोकरीला, पण शनिवार-रविवारी घराचा पार कारखाना व्हायचा. विकतची वस्तू वापरायची नाही, सगळं आपल्या हातांनी करायचं, हा त्यांचा नियम. हिंदमाताच्या साडीच्या दुकानांतून रिकामी खोकी आणून त्यांनी अख्खं ऑफिस उभं केलं होतं. पुठ्ठ्याचा पंखा तर असा जमला होता की तो बरोबर सिनेमातल्या साहेबांच्या डोक्यावरच पडायचा. सिनेमाचे नायक त्यांचे आजोबा, अप्पा. कामाला कंटाळलेला एक कारकून हुबेहूब स्वतःसारखा कागदी माणूस बनवतो, त्याला ऑफिसात पाठवून देतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही, अशी ती गोष्ट. जन्मभर फोर्टात कारकुनी केलेल्या अप्पांना ती भलतीच आवडली होती.

त्या कागदी माणसाचा चेहरा म्हणजे मी. अप्पांना चटईवर निजवून रुचाने त्यांच्या तोंडाला व्हॅसलीन फासलं. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून एकावर एक चिकटवल्या. श्वासासाठी नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या.

"अप्पा, हसायचं नाही हं!" ती दटावत होती.

पण अप्पांना गुदगुल्या होत होत्या. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला तो गेलाच, आणि माझाही तसाच वाळला. त्यांच्या श्वासाने मी आतून उबदार झालो होतो. तेव्हाच काहीतरी माझ्यात शिरलं असावं. मुखवटा करावा तो मातीच्या साच्यावर. जित्या माणसाच्या तोंडावर करू नये, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

माझं कौतुक फार झालं. शेजारचे लोक मुद्दाम बघायला येत आणि माझ्या केरसुणीच्या मिशीला हात लावून हसत. चित्रीकरण संपत आलं होतं. अशातच एका दुपारी वामकुक्षी घेता घेता अप्पा गेले.

कितीतरी दिवस कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही. शेवटी रुचाने मनावर घेतलं. अप्पांचा सिनेमा अर्धा ठेवायचा नाही. राजसने अप्पांचा सदरा चढवला आणि मला तोंडावर बांधलं. कागदी नवरा घरी येतो, बायको त्याला चहा देते आणि तिला काहीच कळत नाही, असा प्रसंग होता. बायकोचं काम नलूआजींकडे, म्हणजे अप्पांच्या पत्नीकडेच होतं. त्यांनी कप पुढे केला आणि मी खोकलो. चहाआधी अप्पा खोकत, अगदी तसा.

राजसने मला झटकन ओढून काढलं. "ताई, मी नाही खोकलो! आईशप्पथ!"

"गप रे! आजीसमोर असली मस्करी नको," रुचा म्हणाली.

नलूआजी माझ्याकडेच बघत होत्या. "अहो, चहा निवतोय," त्या म्हणाल्या. हे वाक्य सिनेमात नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. मुलं ऑफिसला गेली की त्या माझ्यापुढे ताट वाढत. नवरा जेवल्याखेरीज घास घ्यायचा नाही, ही त्यांची लग्नापासूनची रीत. "तुम्ही जेवा, मग मी," असं म्हणून समोर बसून राहत. आता मुखवटा कसा जेवणार? मग त्याही उठत. संध्याकाळी रुचाने विचारलं, की हसून सांगत, "आमचं झालं."

त्यांचे गाल खोल जाऊ लागले आणि माझे भरू लागले. मित्रांनो, वाळलेला कागद कधी भरत नाही. माझा भरला. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते सुख.

सिनेमा तयार झाला तेव्हा गच्चीवर चादर बांधून सगळ्या बिल्डिंगला दाखवला. नलूआजींना दोघांनी धरून वर आणलं. मी त्यांच्या मांडीवर होतो. साहेबांच्या डोक्यावर पंखा पडला तशी माणसं पोट धरून हसली. मग पडद्यावर अप्पा आले. वाक्य विसरले आणि थेट आपल्याकडे बघत म्हणाले, "रुचा, पुढे काय म्हणायचं गं?" तिने तो तुकडा कापलाच नव्हता.

नलूआजी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं.

"हे तर तिथे आहेत. मग तू कोण रे?"

त्यांनी मला जमिनीवर पालथं घातलं.

"रुचा, मला भूक लागलीय, वाढ गं. आणि ह्याला बादलीत भिजत घाल. ह्याचं पोट कधी भरायचं नाही."

रुचाने त्यांना पोटभर वाढलं. मला भिजवायला मात्र तिचा हात धजेना. "अप्पांचा चेहरा आहे गं तो," म्हणत तिने मला माळ्यावर ठेवलं.

नलूआजी आता दोन्ही वेळा जेवतात, छान आहेत. मित्रांनो, हातांनी वस्तू जरूर करा, त्यांना जीव लावा. पण काम संपलं की त्यांना वेळेवर निरोपही द्या. हल्ली रुचा घरूनच काम करते. दुपारी आजी झोपल्या की ती स्टूल घेऊन माळ्यापाशी येते, पिशवी उघडते आणि हळूच विचारते, "अप्पा, आहात ना?" अजून मी गप्प आहे. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर सांगा, पुन्हा विचारू नकोस.

मी 'हो' म्हणेन.