निळं दूध

दूधमाईनं आपल्या बाटलीतला तपकिरी थेंब टाकला, बशीतलं दूध निळं झालं आणि तिच्या अंगणात जमलेल्या तीस बायांनी एकदम श्वास ओढला.

"बघितलंत?" दूधमाईनं बशी सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. "डब्यातल्या दुधाचा वारा लागला की आईचं दूध रुसतं. दोन दुधं एका पोटात नांदत नाहीत. आतड्यांत युद्ध चाललंय लेकराच्या, युद्ध!"

ज्या आईचं ते दूध, ती मान खाली घालून उभी होती. दवाखान्याच्या धुलाईत चादरींना खळ घालून इस्त्री करणारी बाई. लेकरू तीन महिन्यांचं. रजा संपली तशी ती कामावर गेली. घरी असेल तेव्हा अंगावर पाजायची, नसेल तेव्हा सासू डब्यातलं पावडरचं दूध द्यायची. बाळ मजेत होतं. एवढाच तिचा गुन्हा.

"म्हण, उद्यापासून डबा बंद!"

"बंद," ती पुटपुटली.

माईनं बशीत लिंबू पिळलं. निळा रंग विरला, दूध पांढरं झालं. बायांनी हात जोडले. सासू म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?" खरं तर तिनं असलं काही कधीच सांगितलं नव्हतं.

डबा फळीवर चढला. दिवसभर आई कामावर, आणि बाळाच्या तोंडात माईनं फुंकर घातलेल्या पाण्याचे चमचे. संध्याकाळी ती दुधानं भिजलेल्या ब्लाउजनिशी धावत घरी यायची. बाळ आधी रडायचं, मग रडून थकायला लागलं. दिवसाला आठ लंगोट धुवायची सवय असलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी जेमतेम तीन ओले सापडले.

चौथ्या दिवशी तिनं बाळाला दवाखान्यात नेलं. नर्सनं काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि पुन्हा ठेवलं.

"वजन उतरलंय. डबा कुणी बंद केला?"

"दोन दुधं पोटात भांडतात म्हणे, सिस्टर."

"भांडायला त्या काय जावा-जावा आहेत?" नर्स दमलेल्या आवाजात म्हणाली. त्या आठवड्यातली ही तिसरी आई होती. "पाण्याचे चमचे आधी बंद कर. अंगावर पाज, कमी पडेल तिथं डबा. कामावर असताना दूध पिळून काढत जा, म्हणजे आटणार नाही. पाणी उकळलेलं, पावडर मापानं, पातळ करायची नाही. डॉक्टरांना दाखव आणि दोन दिवसांनी वजनाला आण."

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. बाळाला सासूकडे देऊन ती धुलाईत गेली. ऑपरेशनच्या खोलीतून चादर आली होती. कडक खळीची, आणि तिच्यावर आयोडिन सांडलेलं. जिथं सांडलं तिथं निळाकाळा डाग. शेजारच्या म्हाताऱ्या धोबिणीनं नेहमीसारखं अर्धं लिंबू तिच्या हातात दिलं. "घास. जातोय."

डाग गेला. ती लिंबू धरून तशीच उभी राहिली. बारा वर्षं ती हे डाग काढत होती. पण माईसमोर लाजेनं मान खाली गेली, आणि खाली घातलेल्या मानेला काही दिसत नाही. आता एकेक आठवलं. रांगेत माईची चेली किती मायेनं विचारायची, "अंगावरच पाजता ना, ताई?" आणि बशांच्या दोन चळती होत्या. हो म्हणणारीला डावीकडची, नाही म्हणणारीला उजवीकडची.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रांगेत गेली. पाळी आली तशी तिनं उजवीकडची बशी उचलली, अंगणातल्या नळाखाली धरली आणि माईच्या बाटलीतला तपकिरी थेंब त्यात टाकला.

पाणी निळं झालं.

"माई, नळाला डबा कुणी पाजला हो?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"अश्रद्ध हाताला कोप दिसतो!" माई गरजली.

"असू दे, आता हात तोच. आणि कालपासून घरात डबाही सुरू केलाय." तिनं डावीकडच्या बशीत आपलं दूध पिळलं, वर थेंब टाकला. निळ्याची रेघसुद्धा उमटली नाही. "उजवीकडच्या बशांना खळ लावून वाळवलीय, बायांनो, आणि बाटलीत आयोडिन आहे. आता तुम्ही करून दाखवा, माई. बशी मी घासून देते."

माई म्हणाली, "आज माझं मौन आहे."

पुढच्या आठवड्यात रांग निम्मी झाली. निम्मीच. उरलेल्या निम्म्या बायांशी भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. पण मला राहवत नाही, म्हणून सांगतो. दूध रुसत नाही, कोपत नाही. आईचं दूध उत्तम, ते पाजाच. पण ते पुरत नसेल किंवा आईला पोटासाठी कामावर जावं लागत असेल, तर सोबत डबा देणारी आई पापी होत नाही. बाळाचं पोट भरतंय की नाही हे वजनाचा काटा सांगतो, ओला लंगोट सांगतो. शंका आली तर दवाखान्यात विचारा. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, आधी बशी धुऊन दाखव.

माईनं मौन धरलं त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू डबा उघडून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"किती चमचे म्हणालीस गं?"

तिनं सांगितले. मग बाळाला आधी पदराखाली घेतलं. ते प्यायलं, वरचं दूधही प्यायलं आणि तिच्या मांडीवर भरपूर मुतलं. साडी भिजली. धुण्यात एक नग वाढला. ती भिंतीला टेकून डोळे मिटून हसली.