डचेसची रिकामी जागा

नापास असा शब्द लुडोविकनं वापरला नाही. तेवढी धमक कुठली! "तुमचा नाच फार सुंदर आहे, मादाम," तो म्हणाला, "पण तो आमचा नाही."

मादाम! आणि वर 'तुम्ही'! रोशवालच्या किल्ल्याखालच्या या कुरणात जूनमध्ये पंधरावं शतक जगून दाखवणाऱ्या हौशी मंडळाचे तंबू पडायला लागले तेव्हापासून इथला रिवाज एकच. एकदा अंगात जुना झगा चढवला की खाटीक असो नाहीतर न्यायाधीश, सगळे एकमेकांना अरेतुरे करणार. सोलांज वेर्निएनं या कुरणात अर्धं आयुष्य काढलं होतं. तिला इथे मादाम कोण म्हणायचं, तर तिकीट काढून बघायला आलेला पाहुणा. म्हणजे हा कालचा आलेला माणूस तिला पाहुणी समजत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमचा म्हणजे कुणाचा रे?" तिनं विचारलं.

"रोशवालचा."

"आणि रोशवालमध्ये बासदांस आणला कुणी, ठाऊक आहे का तुला?"

"परंपरेनं," लुडोविक म्हणाला.

आता याला काय म्हणावं! परंपरा म्हणे! ती परंपरा म्हणजे सोलांज आणि तिचा नवरा अन्सेल्म. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवून, जुन्या पुस्तकांतल्या खुणांचे अर्थ लावत, भांडत, चिडत त्या दोघांनी तो नाच पुन्हा पायांवर उभा केला होता. संथ नाच. पाय उचलायचे नाहीत, जमिनीवरून सरकवायचे. हातात हात धरून जोड्यांमागून जोड्या चालायच्या. संत जॉनच्या सणाला कुरणात मोठी आग पेटते, तिच्यापुढे पहिली जोडी कायम या दोघांची असायची. मग अन्सेल्मला दुखण्यानं धरलं, दोघांचं येणं बंद झालं, आणि या फेब्रुवारीत तो गेला. मधल्या वर्षांत मंडळातली जुनी माणसं पांगली, नवी भरली, आणि नृत्यगुरू म्हणून हा लुडोविक येऊन बसला. एरवी दिजोंला चष्म्याचं दुकान चालवतो. इथे हिरवी मखमल, टोपीला पीस आणि हातात काठी!

यंदा यायचं सोलांजच्या मनातही नव्हतं. एका हातानं बासरी आणि दुसऱ्या हातानं ढोलकं वाजवणाऱ्या मिरेईनं फोन करकरून तिचा जीव खाल्ला, तेव्हा कुठे ती तयार झाली. एकदाच, शेवटचं, त्या आगीपुढे नाचायचं. जिथे अन्सेल्मच्या शेजारी ती उभी राहायची, तिथूनच त्याचा निरोप घ्यायचा आणि मग झगे कायमचे पेटीत घालायचे. एवढंच हवं होतं तिला. फार मागत होती का ती?

तर इथे परीक्षा! बाहीला पांढरी फीत असल्याशिवाय आगीपुढे पाऊल टाकायचं नाही, असा नवा नियम. आणि फीत कुणाला द्यायची ते ठरवणार हे महाशय.

दुपारी तंबूमागे त्यानं तिला आधी डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं होतं. बुटांची टोकं पाहिली, डोक्याच्या रुमालाची गाठ पाहिली, आणि मग त्याची नजर तिच्या डाव्या मनगटावर अडकली.

"हे काय आहे, मादाम?"

"पट्टी आहे. मनगट दुखतं माझं."

"इलॅस्टिक? पंधराव्या शतकात? पुरावा आहे काही?"

पुरावा! हा इथल्या लोकांचा लाडका शब्द. बटण लावा, पुरावा काय? चमचा काढा, पुरावा काय? शिंकलात तरी विचारतील, त्या काळी असं शिंकायचे याला पुरावा काय! सोलांजनं दातओठ खात पट्टी सोडली आणि बटव्यात कोंबली.

मग ती नाचली. उन्हात, दोन दोन लोकरी झग्यांखाली घामानं निथळत, पण पाठ ताठ आणि पाऊल कसं पाण्यावरून चालल्यासारखं. स्वतःचं कौतुक करायची तिला सवय नव्हती, पण चूक एक नव्हती तिची. आणि लुडोविकनं काठी आपटून तिला थांबवलं.

"झेप कुठे आहे?"

"कसली झेप?"

"ससाण्याची." आणि तो करून दाखवायला लागला, एकेक अवयव सुटा सुटा करून, लहान मुलांना शिकवतात तसा. "उजव्या पायानं निघालो. एक, दोन, आणि तिसऱ्या पावलाला उजवा गुडघा खाली. डावा खांदा वर. डाव्या हाताचा अंगठा कमरपट्ट्यात. उजवा हात बाजूला, असा."

"पाय घसरून चिखलात पडतोयस असं दिसतंय," सोलांज म्हणाली.

"ते रोशवालचं वैशिष्ट्य आहे, मादाम. सरदार शिकारीहून परतले की ससाण्याची झेप नाचातून दाखवायचे. एका जुन्या उस्तादाची फिल्म आहे, डावीकडून, पाठमोरी घेतलेली. पार लंडनपर्यंतचे लोक त्यावरून शिकतात."

"आणि तो उजवा हात हवेत कशाला टांगलायस?"

"ती डचेसची जागा. सगळ्यात पुढचा नर्तक एकटा चालतो. त्याच्या उजवीकडची जागा मानानं रिकामी ठेवतात."

"अरे मेल्या, जोडीचा नाच आहे हा! डचेस काय ढगातून उतरणार होती?"

"फिल्ममध्ये तो एकटाच आहे," लुडोविक शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणाच तर डोक्यात जात होता. आणि मग ते 'फार सुंदर, पण आमचा नाही' झालं, आणि जाता जाता त्यानं वर मीठही चोळलं. "तुम्ही संध्याकाळी मसुराच्या हंड्यापाशी बसा ना. लोकांना फार आवडतं. चेहरा अगदी त्या काळातला आहे तुमचा."

"चेहरा त्या काळातला!" मिरेईच्या तंबूत शिरताच सोलांज कडाडली. "म्हणजे मी आता भांडंकुंडं झाले, पाहुण्यांना दाखवायला!"

मिरेई गवतात फतकल मारून ढोलक्याची दोरी ताणत होती. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"हस, हस तू! तुझ्या नादानं आले मी इथे."

"बरं, नाही हसत. आज वाजवतच नाही मी. बसू दे त्याला काठी आपटत."

"वाजवायचं नाही म्हणजे? वाजव! नाच सुरू झाल्याशिवाय मी मध्ये घुसू कशी? सगळ्या लोकांसमोर त्याला थांबवणार आहे मी. त्याच्या टोपीतलं ते पीस उपटून त्याच्या हातात देणार आहे आणि विचारणार आहे, डचेस कुठाय तुझी? बोलाव!"

"खरंच करशील?"

"करीन म्हणजे? बघच तू!" सोलांज खाली बसली आणि पुन्हा उठली. "मला एक सांग, आमच्या वेळी असली काही झेपबीप होती का गं?"

"मला काय विचारतेस! वाजवताना माझे डोळे मिटलेले असतात. नाहीतर ताल चुकतो." मिरेईनं दोरी सोडली. आता ती हसत नव्हती. "त्याच्यासाठी आली होतीस ना तू? अन्सेल्मसाठी."

"मग काय, मसूर ढवळायला आले होते?" सोलांज म्हणाली, आणि तिचा आवाज कापला म्हणून ती आणखीच चिडली.

संध्याकाळी आग पेटली तेव्हा ऊन अजून किल्ल्याच्या बुरजावर होतं. दोराच्या पलीकडे पाहुण्यांची गर्दी झाली होती, पोरं आईबापांच्या खांद्यांवर चढली होती. सोलांज हंड्यापाशी होती, हातात लाकडी डाव घेऊन. एका बाईनं तिचा फोटो काढला आणि "किती गोड!" म्हणाली. सोलांजनं तिच्याकडे असं पाहिलं की ती बाई दोन पावलं मागे सरली.

मिरेईचं ढोलकं घुमलं, वर बासरी लागली, आणि तंबूंच्या बाजूनं रांग निघाली. पुढे एकटा लुडोविक, मागे पांढऱ्या फितींच्या जोड्या. सोलांजनं डाव हंड्यात टाकला, झगा वर खोचला आणि दोराखालून वाकून ती आत आली. काय बोलायचं ते तिनं दुपारभर घोकून ठेवलं होतं. पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं.

एक, दोन, आणि तिसऱ्या पावलाला सगळी रांग उजव्या गुडघ्यात खचली.

सोलांज होती तिथेच थिजली.

ती चाल तिच्या ओळखीची होती. दुपारी लुडोविकनं तुकडे तुकडे करून दाखवली तेव्हा ओळखू आली नव्हती, कारण हा नाच तिनं जन्मात कधी बाहेरून पाहिलाच नव्हता. ती नेहमी आत असायची, उजवीकडे. पण आता ढोलक्याच्या तालावर, आगीच्या उजेडात, पुन्हा तिसरं पाऊल आलं, पुन्हा गुडघा खचला, डावा खांदा उचलला, अंगठा पट्ट्यात रुतला, आणि तिच्या डाव्या मनगटात कळ उठली.

कुठला ससाणा आणि कुठली झेप! अन्सेल्म कौलं बसवायचा. एका पावसाळी सकाळी चर्चच्या छपरावरून घसरला, आणि त्यानंतर त्याच्या उजव्या गुडघ्याचा काही भरवसा राहिला नाही. तिसऱ्या पावलाला तो गुडघा दगा द्यायचा. कळ चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो डावा अंगठा पट्ट्यात रोवायचा, आणि उजव्या हातानं सोलांजचा हात आवळायचा. ती ताठ उभी राहायची, त्याचा सगळा भार मनगटावर घ्यायची आणि त्याला वर काढायची, कुणालाही कळू न देता. माणूस होता कपाटाएवढा रुंद. डावीकडून, मागून फिल्म घेणाऱ्याला त्याच्या आडची ही एवढीशी बाई दिसणार कुठून?

आणि या शहाण्यांनी काय केलं? त्याचा अधू गुडघा घेतला, त्याचा अंगठा घेतला, हवेतला तो हातसुद्धा घेतला! ती मात्र गाळली. पुरुष खचत होते, त्यांच्या शेजारच्या बायाही खचत होत्या, एकजात सगळे पडत होते, आणि सावरणारं त्या अख्ख्या रांगेत कुणी नव्हतं. सोलांजला इतका राग आला, इतका राग आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अरे, असा नाचत नव्हता तो! एकटा नव्हता तो!

रांग वळून तिच्यासमोर आली. लुडोविकनं तिला पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. मागून कुणीतरी "फीत नाहीये तिला!" म्हणून ओरडलं. पाहुणे टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग.

हीच वेळ होती. एक वाक्य टाकायचा अवकाश, लुडोविकच्या ससाण्याची पिसं कुरणभर उडाली असती. सोलांजनं तोंड उघडलंही. पण मग? उद्या सकाळी हा माणूस सगळ्यांना गोळा करून सांगणार, चूक झाली, पुरावा नाही, गुडघा काढून टाका. आणि अन्सेल्म फेब्रुवारीत गेला तो गेलाच, पण इथूनही जाणार.

तिनं तोंड मिटलं. लुडोविकच्या उजवीकडे गेली आणि त्याचा तो हवेत टांगलेला हात आपल्या डाव्या हातात धरला.

"मादाम," तो ओठ न हलवता पुटपुटला, "ही डचेसची जागा आहे. बाहेर व्हा!"

"जागा माझी आहे. चाल पुढे."

"सगळे बघताहेत!"

"मग नीट चाल."

एक. दोन. तिसऱ्या पावलाला सवयीनं त्याचा गुडघा खाली गेला, आणि सोलांज ताठ राहिली. हाडापर्यंत कळ गेली तरी तिनं मनगट ढळू दिलं नाही, आणि त्याला वर उचललं. लुडोविक अलगद उभा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढच्या तिसऱ्या पावलाला त्यानं आपणहून हातावर भार टाकला, जरा भीत भीत, आणि पुन्हा वर आला. मागच्या जोडीतल्या बाईनं ते पाहिलं. पुढच्या झेपेला तीही खचली नाही, शेजारच्याचा हात धरून उभी राहिली.

दोघं आगीसमोरून गेली. मग लुडोविकला राहवेना. मान न वळवता त्यानं विचारलं, "हे असं उचलायचं... याला पुरावा काय, सोलांज? कुठे पाहिलंस तू?"

मादाम गेली होती. 'तुम्ही'ही गेलं होतं.

"माझं मनगट," सोलांज म्हणाली. "आता गप नाच. तिसरं पाऊल आलं. पड तू, मी धरलंय."